लसीच्या डब्यातले रोल

मे महिन्यात फिल्म खराब होते,
असं मुख्तारभाई मोमीननं तिला सांगितलं होतं.
म्हणून ती रोल ठेवायची लसीच्या डब्यात,
पोलिओच्या बाटल्यांशेजारी,
बर्फाच्या पिशवीला टेकवून.
चौकशी झाली असती तर नोकरी गेली असती
प्रयाग सिस्टरची.
झाली नाही. पाटोद्याच्या पुढं
कोण येतंय डबा उघडून बघायला.

पाच वाड्या, आधी सायकल, मग लूना.
लेकरांच्या मांडीत सुया टोचून झाल्या
की परतीचा रस्ता ती सोडून द्यायची
आणि मागं मी, शाळा बुडवलेला,
पाय चाकापासून लांब धरून.

माळावर मोज्यांतून कुसळं आत शिरायची.
ती गुडघे टेकायची मुरमात, युनिफॉर्मच्या साडीसकट.
कॅमेऱ्यावर एक सूर्य काढलेला, एक ढग.
एवढंच त्याला कळायचं.
'हलू नको. ढग सरकू दे.'
ढग म्हणजे एखादाच असायचा,
कळपामागं राहिलेल्या करडासारखा,
तोही पार तिकडं, नगरच्या हद्दीत.
आम्ही त्याची वाट बघायचो.
मला भूक लागायची.

एका रोलमध्ये बारा. वर्षाला चार रोल, पगार वेळेवर झाला तर.
तरवडाचा पिवळा, काळ्या-पांढऱ्या फिल्मवर.
धावड्याच्या खोडाची सोललेली पाठ.
लांडगा नुकताच गेलेली जागा
(लांडगा नाही, जागा).
आणि एक टेकडी, कातळाचं कपाळ पुढं आलेली,
दर वर्षी,
कधी गवतासकट, कधी जळालेली.

'सिस्टर, ह्यात माणूसच नाही कुणी,
कामून पैसे घालवता?'
मुख्तारभाई प्रिंट उन्हात धरून विचारायचा.
ती म्हणायची, 'माणसं दिवसभर बघते की.
मला बघितलं की सगळी रडतात.'

माझा त्या काळातला एकच फोटो आहे,
दहावीच्या फॉर्मवरचा.
तो मुख्तारभाईनं काढला. कान मोठे आलेत.
पुष्कळ वर्षं मी हे तिच्या खात्यावर लिहून ठेवलं होतं.

आता निगेटिव्हं माझ्याकडं आहेत.
ज्या गावात पाणी टँकरनं येतं
तिथं बुरशी कुठून आली, देव जाणे,
पण चौऱ्याऐंशीचं अख्खं आभाळ तिनं खाल्लंय.
सोबत एक लसीकरण रजिस्टर, मागची पानं भरलेली.
रकाने छापील, तेच तिनं वापरले:
नाव – टेकडी.
वय – माहीत नाही.
डोस – सहावा.
शेरा – ऊन कडक. रडली नाही. पुन्हा यावे.

'पुन्हा यावे' प्रत्येक ओळीत.
मी दोन दिवस तेच वाचत बसलो.

परवा तिला घेऊन गेलो. कारनं, अर्ध्या तासात.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
डाव्यानं फक्त उजेड कळतो, त्याची बाजू कळते.
टेकडीवर आता पवनचक्की आहे.
मी मोबाईल तिरका केला, पातं चुकवायला.
'काय करायलास?'
'पंखा काढतोय फोटोतून.'
'कामून? उभा हाय ना तो तिथं?
मग येऊ दे त्याला.'

ती धावड्याच्या बुंध्याला टेकून बसली,
तोंड बरोबर कातळाकडं.
हात मांडीवर, दोन्ही अंगठे जरा वर,
हातात काही नसताना.
'ढग आला का?'
नव्हता. आभाळ तव्यासारखं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.
'नाही,' म्हणालो.
'मग थांब.'

तीन वाजले, साडेतीन.
सीताफळीच्या झुडपात होला घुमत होता.
पातं फिरायचं, त्याची सावली आमच्यावरून जायची,
दर वेळी ती म्हणायची, 'हा नाही.'
मला भूक लागली होती.