उघाडी

त्या रात्री बाबा अंगणात उभे होते, दोन वाजता,
पाय सुजून चपलेबाहेर आलेले.
म्हणाले, शाबये, उघाडी लावलंस?
शाबी त्यांची बहीण. ती जाऊन अकरा वर्षं झाली.

बांबोळीच्या कागदावर छापून आलं:
लाडू पुनाजी आरोसकर, वय एकाहत्तर,
सोडियम एकशे चोवीस.

मी म्हटलं, असं कसं?
चाळीस हंगाम हा माणूस शिरोड्याच्या मिठागरात
गुडघ्यापर्यंत उभा होता.
टाचांच्या भेगांत अजूनही कण सापडतील.
त्यांचा शर्ट वाळला की पाठीवर पांढरा नकाशा उमटे,
आई तो तीन पाण्यांतून काढायची.
आणि त्याच्या रक्तात मीठ नाही?

डॉक्टर शिरवईकर माझ्याहून लहान. तिने पेन खाली ठेवलं.
मीठ आहे, म्हणाली, पाणी जास्त झालंय.
हृदय थकलं की मूत्रपिंडांना वाटतं दुष्काळ पडला,
ती थेंब सोडत नाहीत.
दिवसाला एक लिटर. चहा, पेज, गोळीवरचा घोट,
सगळं धरून.
आणि जेवणात मीठ कमीच.
मी परत विचारलं. मीठही?
मीठही.

बसमध्ये, पेडण्याच्या पुढे, मी बाबांना समजावत होते,
मलाच नीट न कळलेलं.
ते खिडकीकडे बघत ऐकत होते. मग हसले,
पंधरा दिवसांत पहिल्यांदा.
मीठ खंय जाताला गो? थंयच आसा.
पावसाचा पाणी आत इला काय कोंडीत मीठ धरणा नाय.
वरसून आणि मीठ टाकून काय उपयोग?
पाणी भायर काढूक व्हया.

डॉक्टरीण म्हणाली होती, आकडा हळूच चढायला हवा,
घाई केली तर मेंदूला इजा.
हेही त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली,
जुन्या कामगाराने नव्याला डोलवावी तशी.
घायन ओढलास तर मिठाबरोबर चिखल येता.

आता ओट्यावर एक बाटली, खुणा केलेली.
कॅलेंडरवर रोजचं वजन, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी.
एकसष्ट चारशे. एकसष्ट तीनशे.
पेज बंद, घट्ट भात. सोलकढी चार चमचे, चतुर्थीला.
खारातल्या कैऱ्यांची बरणी पोटमाळ्यावर,
मी शिडी काढून ठेवली आहे.

गुरुवारी काटा बासष्ट दोनशे म्हणाला.
विहिरीवरचा तांब्या ओला होता.
मी ओरडले. सातवीतल्या पोरावर ओरडावं तशी,
शेजारच्या सुलग्नाकाकूला ऐकू जाईल इतकी.
त्यांनी खाली बघितलं, स्वतःच्या पायांकडे,
बोटाने नडगी दाबली, खड्डा पडला,
तो भरून येईपर्यंत बघत राहिले.
तान लागता गो, म्हणाले.
मिठागरात वैशाखात इतकी तान कधी लागाक नाय.

तेव्हापासून मी पाणी पिते ते
मागच्या दाराआड, उभ्याने,
पेला कुठे टेकणार नाही याची काळजी घेत.
घसा गट्‌ वाजतो.
तो आवाज त्यांना ऐकू जात असेल का
हे मी कधी विचारणार नाही.

काल आकडा एकशे एकतीस आला.
फार नाही, डॉक्टरीण फोनवर म्हणाली, पण वाट बरोबर आहे,
पाण्याची गोळी आहे तशीच चालू ठेवा.
संध्याकाळी त्यांनी अर्धा पेला मागितला.
बाटलीत तेवढं उरलं नव्हतं.
मी बर्फाचा एक खडा हातावर ठेवला.

त्यांनी तो तोंडात टाकला नाही लगेच.
दोन बोटांत धरून उजेडाकडे केला, फिरवला,
हंगामाच्या पहिल्या मिठाचा दाणा बघायचे तसा.
बरा धरला, म्हणाले.
मग तळहातावरून मनगटाकडे पाणी ओघळायला लागलं
तेव्हा घाईने चाटलं.

बर्फसुद्धा मोजायचा असतो.
मी लिहून ठेवलं: वीस मिली.
जे ओघळलं ते वजा केलं नाही.