सव्वा लक्ष

डर्बीच्या दवाखान्यातून पत्र आलं:
तुमचं नाव यादीत घेतलं आहे,
साधारण अडतीस महिने थांबावं लागेल.
मी ते पत्र इतकं जपून ठेवलं
की दुसऱ्या दिवशी सापडलं नाही.
आठवड्याने मिळालं, फ्रीजरमध्ये,
मटारच्या पिशवीखाली.

खाजगीत अकराशे पौंड.
फोनवरच्या मुलीने सांगितलं
जसा कोणी बसचा नंबर सांगतं.
हप्ते चालतील, तीन.
तारीख विसरलात तर साठ पौंड दंड.
मी म्हटलं, विसरतात म्हणूनच येतात ना लोक तुमच्याकडे?
ती हसली. मग म्हणाली,
तरीही साठ.

पगार जातो कुठे, हे कोडं
पोटमाळ्यावर चढले तेव्हा सुटलं.
युकुलेली, तारा अजून कागदात.
चार किलो मेण, कारण मेणबत्त्या.
शिवणयंत्र. तीन आठवडे मी शिंपीण होणार होते.
आणि मधमाश्या पाळायचा पांढरा पोशाख
जाळीच्या टोपीसकट;
मधमाश्या यायच्या आत
माझं मन दुसऱ्या फुलावर जाऊन बसलेलं.

रविवारी पहाटे गावाबाहेरच्या शेतात
गाड्यांच्या डिक्या उघडून बाजार भरतो.
चादर अंथरली, वाऱ्याने उडाली,
चार कोपऱ्यांवर मेण ठेवलं.
युकुलेली एका टॅक्सीवाल्याने नेली, नातीसाठी.
पोशाख नेला एका म्हाताऱ्याने.
त्याच्याकडे खरंच माश्या आहेत,
एकोणीस वर्षं, त्याच पेट्या, तीच बाग.
एकोणीस वर्षं एकच गोष्ट!
मला त्याचे पाय धरावेसे वाटले.
त्याने मात्र पाच पौंड कमी करून घेतले.

चार रविवारांत सातशे चाळीस.
उरलेले गोदामातल्या रात्रपाळ्यांनी दिले.

मग ब्रॉनवेनबाई, पांढरे केस, स्क्रीनवर.
विचार न करता खरेदी करता का?
आता घरात दाखवायला काही उरलं नाही, म्हटलं,
सगळा पुरावा विकून तुमची फी भरली.
तिने ते लिहून घेतलं.

बारा वर्षांच्या आत तुम्हाला पाहिलेलं
कोणीतरी हवं, असा नियम.
म्हणून बार्शीहून आई,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मागे कुकरच्या शिट्ट्या.
तिने आधी किंमत विचारली,
मनात गुणाकार केला, मग म्हणाली,
लक्ष नाही म्हणून सव्वा लक्ष?
आपण कोटी केली
हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मी मध्ये बसून दोन्हीकडे भाषांतर करत होते.
लहानपणी वस्तू हरवायची का?
छे, आई म्हणाली, अगदी नीटनेटकी होती.
नाही, असं मी इंग्रजीत सांगितलं.
शाळेत काही विसरायची?
कधीच नाही.
नाही, सांगितलं.
अकराशे पौंड कॅनॉलमध्ये बुडताना
मला स्पष्ट दिसत होते.

कुकर बंद करायला आई उठली.
परत आली ती उभ्यानेच बोलली:
हरवेल कशी? दप्तर मी भरायचे ना,
रोज रात्री, कॉलेज सुटेपर्यंत.
दारात अडवून विचारायचे,
डबा, रुमाल, कंपास, पासचं पाकीट.
घसा सुकायचा माझा.
आधी तिचं, मग तिच्या बाबांचं.
त्यांचं तर अजून.

ब्रॉनवेनबाई थांबली होती, भाषांतरासाठी.
मला रुमालाला इंग्रजीत काय म्हणतात
ते आठवेना.

रिपोर्ट एकोणीस पानी आला. हो, आहे, म्हणतो.
दवाखाना म्हणतो, खाजगीतलं आम्ही मानूच असं नाही,
विचार करून कळवू. तोवर गोळ्यांचा खर्च तुमचा.
आई म्हणते, बाबांना नको सांगूस,
या वयात त्यांना कशाला.
मग म्हणते, सांगू का?

रिपोर्ट डावीकडच्या कपाटात आहे,
चहाच्या डब्यामागे.
इथे लिहून ठेवते.