ब्रश पुसायचं फडकं

किनेश्मात, व्होल्गाच्या काठी, संस्कृती-भवनाच्या तळघरात
मी बॉयलर सांभाळायचो. सव्वीस हिवाळे.
वरच्या मजल्यावर ग्लाफिरा अवेर्यानोव्ना
लाल कापडावर पांढरी अक्षरं रंगवायची:
पुढे चला. योजना पूर्ण करा. शांतता चिरायू होवो.
पांढरा म्हणजे दातांची पावडर आणि सुताराचा सरस.
अक्षर वीतभर, त्यात बोटाचाही फरक चालत नसे.

रात्री ती खाली यायची,
कारण खाली ऊब होती आणि मी फारसं बोलत नसे.
उतरवलेल्या घोषणा पालथ्या करून, दाभणानं एकमेकींना शिवून
कोळशाच्या ढिगाशेजारी अंथरायची.
नमद्याचे बूट काढून नुसत्या मोज्यांवर
त्या कापडाभोवती फिरायची,
पाणाड्या विहिरीची जागा शोधतो तशी.

मला वाटे, आता सुरू करेल.
छे.

एकदा न राहवून विचारलं.
म्हणाली, दिवसभर हात अक्षरं काढतो,
तो अजून थांबलेला नाही.
तो थांबेपर्यंत ब्रशला शिवायचं नाही.

मग तीन वाजता, कधी अगदी पहाटे:
लुक्यान, काजळी आहे?
माझ्या धुराड्याची काजळी, जवसाचं तेल,
आणि बर्फ ओढायचं फावडं.
नको असलेला पाहुणा अंगणाबाहेर लोटावा
तसा काळा रंग ढकलत न्यायची.
जमीन आधीच लाल. लाल लावायचा नव्हताच,
त्याला गप्प करायचं होतं.
निळा म्हणजे कपड्यांची नीळ, पुरचुंडीतून, चिमटीनं.
एखादा कोपरा छान जमला की
नेमका तोच खरवडायची.
हे मला येतंच होतं, म्हणायची, चाकू पुसत.

फेब्रुवारीत समितीचा माणूस आला, नळ तपासायला.
कापड पाहून थबकला. हे काय?
माझ्या तोंडून गेलं: ब्रश पुसायचं फडकं.
त्यानं मान हलवली, एका कोपऱ्यावर
बुटाचा चिखल नीट पुसला, आणि निघून गेला.
ग्लाफिरा कोळशामागे उभी होती.

तीन आठवडे ती खाली आली नाही.
मी भट्टी नको तेवढी पेटवली.
वरच्या वाचनालयातले लोक घामाघूम झाले.

आली ती एकही शब्द न बोलता.
कापड उलगडलं. मी ओलं फडकं (खरं फडकं) घेऊन धावलो.
राहू दे, म्हणाली.
त्या बुटाच्या ठशाशी उकिडवी बसली,
इतका वेळ की मी दोनदा कोळसा घातला.
मग नीळ उचलली आणि पहिल्यांदाच
हात थांबायची वाट न पाहता
ठशापासून आडवी, लांब, दम लागेपर्यंत ओढत नेली.

मला स्टुलावर बसवलं. आता सांग, हे काय?
घाम फुटला. शाळेतही इतका फुटला नव्हता.
म्हणालो, फुटायच्या आदल्या रात्री
नदीवरचा बर्फ जो आवाज करतो, तो.
ती म्हणाली, फडक्यापेक्षा बरं.
आणि चहा मागितला.

पुढे ती लेकीकडे गेली, मुर्मान्स्कला.
कापड माझ्या खाटेवर भिंतीला आलं.
चुना मारायला उतरवलं तेव्हा
वरची बाजू कोणती, आठवेना.
सही नव्हती. मागे पाहिलं:
एका पट्टीवर ‘पुढे’ सरळ,
शेजारी ‘शांतता’ डोक्यावर उभी.
‘पुढे’वर भरवसा ठेवून टांगलं.
आठवडाभर झोप लागली नाही.

आता दर नव्या वर्षाला
पाव वळसा फिरवतो.
सध्या बुटाचा ठसा छताजवळ आहे.