मनगटाचं माप

सेलूच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या खोलीत,
पांढऱ्या टाइलवर मी तीन थेंब सोडते:
निळा, पिवळा, आणि एक पाण्यासारखा, बिनरंगी.
प्रत्येकात बाळंतिणीचं रक्त काडीनं कालवते.
निळ्यात काही नाही.
पिवळ्यात रव्यासारखे दाणे. म्हणजे बी.
बिनरंगी थेंब हलवते, पुन्हा हलवते,
रक्त तिथं गुळगुळीतच.

"निगेटिव्ह," मी म्हणते, आणि प्रयागबाईंचा चेहरा उतरतो.
"म्हंजे रगत वंगाळ हाय का सुनंचं?
आमच्यात तर कुनाचं असलं न्हाई."

नाही मावशी.
लाल पेशी म्हणजे मधोमध दबलेली बारकी चकती.
तिला केंद्रक नाही, पोरंबाळं नाहीत,
एकशेवीस दिवस प्राणवायू वाहते
आणि थकली की पाणथरीत विरते.
कुणाच्या चकतीवर डी नावाची खूण असते, हिच्या नाही, एवढंच.
कुंकू नसलं म्हणून कपाळ वाईट होतं का?

बोलून गेले आणि जीभ चावली.
प्रयागबाईंचं कपाळ कधीचं मोकळं आहे.

मग नाळेचं रक्त.
बिनरंगी थेंबात पडताक्षणी दाणे धरले.
लेकरू बापाची खूण घेऊन आलंय.

पुस्तकात पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणतात.
मला ते कधी पटलं नाही.
माझे अब्बा बोरीच्या बाजारात बांगड्या भरायचे.
अनोळखी हात आला की दाबून, वळवून, वेळ लावून बघायचे:
दोन-सहा.
वर्षानं तोच हात पुढं आला
तर मान वर न करता नेमकी पेटी उघडायचे.

रक्तातही असेच मणियार बसलेत.
परकी खूण म्हणजे प्रतिजन,
तिच्या मापाची बांगडी म्हणजे प्रतिपिंड.
पहिल्यांदा माप घ्यायला दिवस लागतात, आठवडेही.
दुसऱ्यांदा पेटी उघडीच.

बाळंतपणात लेकराचं रक्त थोडं आईत उतरतं.
आईचं रक्त माप घेऊन ठेवतं.
पुढचं लेकरू तीच खूण घेऊन आलं
की त्या बांगड्या वार ओलांडून पलीकडे जातात,
त्याच्या चकत्यांवर चढतात, चकत्या फुटतात,
लेकरू पोटातच फिकं पडत जातं.
आणि आईला यातलं काही ठाऊक नसतं,
ती टोपरं शिवत बसलेली असते.

"मंग?"

मग एक इंजेक्शन. बहात्तर तासांच्या आत.
बाळ झालं रविवारी पहाटे चारला,
आत्ता मंगळवार, दुपारचे दोन.
आमचा फ्रीज रिकामा.
तुमचा लेक बर्फाचा थर्मास घेऊन परभणीला गेलाय,
चौदा तास उरलेत, पुरतील.

त्या कुपीत दुसऱ्या कुणाच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं असतात.
लेकराच्या ज्या चकत्या आईत शिरल्या
त्यांच्या हातात ती आधीच बांगड्या भरतात.
मणियार बघतो: हात भरलेला आहे.
माप न घेताच पुढं जातो.
(नेमकं असंच होतं का,
हे पुस्तकालाही अजून पुरतं सांगता येत नाही.)

प्रयागबाई बराच वेळ टाइलकडे बघत राहतात.
मग पदर सावरून हात पुढं करतात,
"माजं बी बघ की गं."

बोट टोचायला मी हात धरते.
वीस वर्षं काच न लागलेलं मनगट.
आणि माझा अंगठा, मी न सांगता, दाबून बघतो:
दोन-चार.

थेंब टाइलवर पडतो.
मी काडी उचलते.