पहिला सिगार, रामदासपेठ

"ओढायचा नाही," डॉक्टर लांजेवार म्हणाले,
"धूर तोंडात खेळवायचा, गिळायचा नाही."
म्हटलं, सर, तोंडाचं मला नका सांगू,
सव्वीस वर्षं झाली, मी लोकांची तोंडं
प्लास्टरमध्ये ओततो.

मे महिना. रात्रीचे दहा,
तरी गच्चीची फरशी तळव्यांना चावत होती.
कूलर बाहेर ओढलेला, खस ओली.
टेबलावर लाकडाची डबी, आत पाच,
लग्नघरी आडवे झालेल्या पाहुण्यांसारखे
एकमेकांना टेकून.
कंपनी नाही म्हणे. निकाराग्वात एक घर आहे,
दोघी बहिणी वळतात,
वर्षाला चारशे डब्या, संपल्या की संपल्या.
किंमत ऐकली आणि मी मनात
तिचा हिशोब कवळीत केला:
वरची, खालची, आणि शिवाय एक सुटी दाढ.

त्यांनी टोक कापलं.
चिमुकली टोपी टेबलावर पडली, कापलेल्या नखासारखी.
काडी पेटवता येते असा माझा समज होता.
चार गेल्या.
पाचवीला पेटला, तोही एकाच बाजूनं,
दुसरी बाजू रुसलेली.

"काय लागतं?"
त्यांच्या वहीत आधीच्या रात्रींची नोंद होती:
देवदार, चामडं, कोको.
देवदार मी पाहिलेला नाही.
चामडं म्हणजे सदरमधलं बुटांचं दुकान, बस तेवढंच.
डोळे मिटले.
आधी नुसता धूर. मग मिरं.
मग माझ्याच लॅबमधलं, बर्नरवर वितळणारं मेण,
उन्हात वाळत घातलेली संत्र्याची साल,
आणि मग, शपथेवर सांगतो,
सावजी रश्श्याच्या तळाशी उरतं ते,
दगडफूल, किंचित करपलेलं.

"दगडफूल," मी म्हणालो.
डॉक्टरांनी लिहून घेतलं. खरंच लिहिलं.
माझा शब्द त्यांच्या शाईत पाहून
मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

अर्ध्यावर आल्यावर हात थरथरायला लागला.
कानामागं घाम.
खाली पानठेल्यावर पोरगा पन्नीत खर्रा घोटत होता,
घस घस, घस घस.
त्या आवाजाचं पुढचं काम
दहा वर्षांनी माझ्याकडं येतं.
डॉक्टरांनी न मागता गुळाचा खडा दिला.

गूळ चघळताना आठवल्या कौतिकाबाई बोरकर, कामठीच्या.
कवळीचं माप द्यायला आल्या होत्या.
"भाऊ, समोरच्या दाताले बारीक खाच ठेवा ना."
काऊन, बाई?
"विडीचा धागा तोडाले. जुन्या दाताले होती."
चाळीस वर्षं धाग्यानं घासून घासून पडलेली.
म्हटलं, नव्या दातात खोट ठेवत नसतात.
मग रात्री दिवा लावून बसलो
आणि ठेवली, अर्ध्या मिलिमीटरची.
बिलात लावली नाही.
त्यांच्या दिवसाच्या हजार विड्या
आणि माझ्या बोटांतला हा एक...
हिशोब करायला गेलो तर गच्चीच फिरली.
तंबाखूनंच असेल.

"सर, त्या दोघी बहिणी
शेवटचं पान कशानं चिकटवतात?"
डॉक्टरांना माहीत नव्हतं.
त्यांनी वही चाळली. वहीतही नव्हतं.
मधल्या वेळात राख बोटभर वाढली होती, पडत नव्हती.
"चांगल्या हाताची खूण," ते म्हणाले,
आणि आम्ही दोघं
ती पडायची वाट पाहत बसलो, बोललो नाही.

तीन बोटं उरला तेव्हा विझला.
टाकवेना.
खाली उतरून पोराकडून एक पन्नी मागितली,
त्यात गुंडाळला, खिशात घातला.
पोरगा म्हणाला, "काय माल आहे बे हा?"

दार कुंदानं उघडलं, एक पाऊल मागं सरली.
मी सांगायला लागलो, आधी मिरं लागतं,
मग संत्र्याची साल, मग...
"आधी चूळ भरा," ती म्हणाली.