चाऱ्याचं पाणी

पहाटे चारला बा मला उठवायचा नाही,
आधी बारडीला उठवायचा.
पेरानं दोन टिचक्या,
आत मळव्यांची एक सळसळ झाली
की म्हणायचा, हायेत. चल.

येलदरीच्या पाण्यावर आमची होडी.
होडी कसली, चार फळ्या, थोडं डांबर,
आणि मधल्या आडव्या फळीला बांधलेली
रंगाच्या दुकानातली निळी बारडी,
राखेनं घासून घासून वास काढलेली.
वास गेला, असं मी म्हणलं.
बा म्हणला, तुझ्या नाकातनं गेला.

बानं वल्हं मारायचं, मी बारडी राखायची.
गोणपाट ओलं ठेवायचं, ऊन जिकडं तिकडं माझी पाठ.
वीस म्हणजे वीसच मळव्या.
एकविसावी दिसली की धरणाला परत.
आदल्या रात्री खायला काही घालायचं नाही,
भरल्या पोटाची मासळी पाणी नासवते.
एखादी कुशीवर पडली तर तिची वाट बघायची नाही,
लगेच बाहेर, बाकीच्यांना कळायच्या आत.
हाताला तेल नको, साबण नको.
बा तर चुना-तंबाखूचा हात
दहादा धुवायचा, हुंगायचा,
आणि तरी झाकण मलाच उघडायला लावायचा.

एकदा आळसानं मी घरच्याच नळाचं पाणी भरलं.
टाकीत पावडर टाकली होती पंचायतीनं.
बुडितातल्या बाभळीपर्यंत पोचेस्तोवर
सगळ्या पांढऱ्या पोटानं वर.
बा ओरडला नाही.
चारशे हात दोरी, साठ गळ,
कोरडेच, एकेक करत परत गुंडाळले.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

पाणी बदलायचं ते तिसरा हिस्सा.
थोडं थांबून पुन्हा तिसरा हिस्सा.
"समदं एकदम बदललं तं जीव घाबरतो, पोरी.
गाव उठलं तवा आमचं तसंच झालं."
पुढं काही बोलला नाही,
वल्हं मात्र दोनदा हुकलं.

आणि ओंजळ.
ओंजळ खांद्याएवढी वर न्यायची,
बारीक धारेनं सोडायची,
पडता पडता पाणी हवा घेऊन जातं.
वैशाखात दुपारी बारापर्यंत
मी हेच करायची. दंड भरून यायचे.
खाली बुडबुडे, बुडबुड्यांत वीस तोंडं.

मग बा एकेक मागायचा.
पाठीच्या काट्याखालून गळ, कण्याला न लावता.
"हळू. दुखलं तं पवायची नाही.
पवली नाही तं मरळ ढुंकून बगायची नाही."
बारा वर्षांची असताना मी विचारलं,
इतकं जपायलो, ते ह्याच्यासाठी?
बा म्हणला, तू बारडीकडं बग.

पुढं ज्ञानदेवानं नांदेडहून पंप आणला,
बॅटरीवरचा, नखाएवढा दगड नळीच्या टोकाला.
बा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी बारडीला कान लावून बसला.
"झोपत नाही का हे?" म्हणला.

यंदा चैत्रात बाचा दम वाढला.
परभणीच्या दवाखान्यात, खाट सव्वीस,
भिंतीला काचेची बाटली,
बाटलीत पाणी, पाण्यात बुडबुडे.
बा रात्रभर तिकडंच बघायला.
पहाटे तोंडावरचं ते वर करून म्हणला,
"पाणी कवा बदलायलेत हे लोकं?"
सिस्टर म्हणाली, सकाळी बदलतो, आजोबा.
"समदं बदलू नका म्हणावं."

चार वाजले होते.
मी खाटेच्या लोखंडावर
पेरानं दोन टिचक्या मारल्या.
चादरीखाली अंगठा हलला.

मग बाहेर जाऊन गिरजाकाकूला फोन लावला.
घरी बारडीत अकरा आहेत,
लाईट गेली आसंल तं पंपाची बॅटरी बघ,
नसंल चालत तं ओंजळीनं कर.
हो, आत्ता.
खांद्याएवढी वर ने.