दृश्य सत्तावीस

पटकथेत एवढंच होतं :
म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा कपडे धुण्याचं मशीन बघतो,
दचकतो, काठी उगारतो,
आणि सगळं थिएटर हसून लोळतं.

सुयुनबेकने ते नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.
मग विचारलं, "कुठल्या कंपनीचं?"

त्याच्या राहुटीमागे एक होतंच. रशियन, बुटकं,
अठ्ठावीस वर्षांत एकही कपडा न पाहिलेलं.
त्यात घोडीचं दूध घुसळलं जायचं.
"कान्यमचा खांदा निखळला, त्या साली आणलं,"
याहून जास्त तो बोलला नाही.

तिलेक, आमचा दिग्दर्शक, बिश्केकचा. पोरगा गुणी,
पण पैसे देणारे पॅरिसात, आणि त्यांना
सुसामीरचं खोरं हवं होतं जसं त्यांच्या मनात होतं तसं.
तेव्हा मशीनवर आम्ही बुरणूस टाकला.
सोलरची पाटी झाकली, मोटारसायकल ओढ्यापार लोटली,
गुलसायराच्या नव्या बुटांना शेण फासलं
(फासताना तिनेच दाखवलं, कुठलं शेण बरं दिसतं).

मी आवाज टिपणारा. माझी पोटापाण्याची विद्या
म्हणजे गप्प राहणं.

अकरा वेळा दचकला सुयुनबेक.
दर खेपेला नव्याने, मन लावून,
जसा पाहुण्यांसाठी एखादा पुन्हा पुन्हा जेवतो.
मधल्या वेळात आम्ही आणलेल्या मशीनचा
ढिला पट्टा त्याने आवळून दिला.

बाराव्या खेपेला हेडफोनमध्ये घरघर आली.
मान वळवली. त्याच्या पाठीमागे, चौकटीच्या कोपऱ्यात,
बुरणुसाचा ढीग उचक्या देत होता.
दूध थांबत नाही कुणाच्या शूटिंगसाठी.
कान्यमने वायर जोडली होती
आमच्याच जनरेटरला.

मी बोट वर करायला हवं होतं.
नाही केलं.

पॅरिसात म्हणे त्यावर एका जाणकाराने लिहिलं :
मागची ती थरथरणारी टेकडी
म्हणजे विस्थापित होणारी भूमी.

आश्विन लागावा अशा थंडीत आम्ही सिनेमा घेऊन परतलो.
ट्रकच्या कुशीला चादर ताणली.
दचकण्याच्या प्रसंगाला कुणी हसलं नाही,
एका म्हातारीने तर विचारलं, "याला काय झालं? बरं नाही का?"
आणि मग कोपऱ्यातला ढीग हलला.

बायका आधी. मग पोरं. मग घोडे बिथरले.
तिलेक वळून वळून माझ्याकडे बघत होता,
दीड वर्ष पोटाशी धरलेला त्याचा विनोद
भलत्याच दारातून घरात शिरत होता.
शेवटी तोही हसला, थोडा उशिरा,
जमिनीवर बसून, नाक पुसत.

कान्यम तेवढी हसली नाही.
डाव्या हाताने वाटी पुढे केली मला.
"तू ऐकलं होतंस," म्हणाली.

आंबट होतं. नाकात गेलं.